धसका : मनाची जखम आणि ती भरून येण्याचे मार्ग



मराठीत एक जुना शब्द आहे : धसका. अमक्याने धसका घेतला, तमकी त्या दिवसापासून धसक्यातून उठलीच नाही, असे आपण घरोघर ऐकत आलो आहो. घडायचे ते घडून केव्हाच संपले, पण ज्याने ते पाहिले वा भोगले त्याच्यापुरते ते अजून चालूच आहे, असा या शब्दाचा आशय आहे. वैद्यकशास्त्र ज्याला ‘आघातोत्तर तणाव विकार’ असे भारदस्त नाव देते, त्याचे याहून नेमके वर्णन करणे कठीण. हा धसका म्हणजे काय, काहींच्या मनातून तो आपोआप का निघून जातो व काहींच्या मनात घर करून का राहतो, त्यावरचे कोणते उपचार कसोटीला उतरले आहेत, आणि माणसाला स्वतःसाठी घरच्या घरी काय करता येते, एवढे सांगण्याचा आमचा विचार आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचे प्राध्यापकही नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करताना अपघातानंतर कामगारांच्या घरी जाणे हा आमच्या कामाचा नित्याचा भाग होऊन बसला, आणि तेथे जे दिसले त्याचा उलगडा व्हावा म्हणून या विषयावर मिळेल ते वाचीत आलो. तेव्हा हे बोलणे एखाद्या वडीलधाऱ्या शेजाऱ्याचे समजावे. वैद्याचा सल्ला वैद्याकडूनच घ्यावा.

खरचटलेही नाही असा जखमी

एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या गड्याची बोटे डायखाली गेली. त्याला इस्पितळात नेले, शस्त्रक्रिया झाली, नुकसानभरपाईचा अर्ज झाला, भेटायला माणसे गेली. हे सर्व योग्यच झाले. पण शेजारच्या प्रेसवर उभा असलेला दुसरा कामगार, ज्याने धावत जाऊन मशीन बंद केले आणि मित्राचा हात आपल्या गमछात गुंडाळला, त्याला कोणी काही विचारले नाही. त्याला खरचटलेही नव्हते. तीन महिन्यांनी त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली. नवरा रात्री ओरडत उठतो, कुकरची शिट्टी झाली की हातातले ताट टाकतो, पोरांवर खेकसतो, पाळीवर जायची वेळ झाली की पोटात कळ येते म्हणून पडून राहतो, आणि अलीकडे रोज पिऊन येतो, असे तिचे म्हणणे. कंपनीने त्याला गैरहजेरीबद्दल नोटीस काढली होती. शेजारीपाजारी म्हणत होते, बोटे गेली दुसऱ्याची, याला काय झाले?

याला काय झाले, याचे उत्तर आज स्पष्ट देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांची जी नवी यादी केली व २०२२ सालापासून लागू केली, तीत या विकाराच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, घडलेला प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटणे. ही साधी आठवण नव्हे. साध्या आठवणीत ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांत अंतर असते. धसक्यात ते अंतर पुसले जाते, वास येतो, आवाज येतो, अंगाला घाम फुटतो. दुसरी खूण, त्या प्रसंगाशी नाते सांगणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून पळणे : ती जागा, तो रस्ता, ती माणसे, तो विषय. तिसरी, धोका अजून टळलेला नाही असे शरीराने धरून चालणे : दचकणे, झोप उडणे, सदैव पाठ भिंतीला लावून बसणे. या तिन्ही गोष्टी काही आठवडे टिकल्या आणि त्यांनी संसार व काम यांत अडथळा आणला, तर तो विकार समजावा. ज्यांच्यावर एकदाच नव्हे तर वर्षानुवर्षे आघात होत राहिले, उदाहरणार्थ लहानपणापासून मार खाल्लेली मुले किंवा घरात छळ सोसलेल्या स्त्रिया, त्यांच्या दुखण्याला या यादीत वेगळे नाव दिले आहे, कारण तेथे माणसाचा स्वतःवरचा व इतरांवरचा विश्वासच मोडलेला असतो आणि तो सांधायला जास्त काळ लागतो.

येथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगितली पाहिजे. जगभरच्या पाहण्यांवरून असे दिसते की, शंभरांपैकी सुमारे सत्तर माणसांच्या वाट्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा असा भयंकर प्रसंग येतो. पण ज्यांच्यावर तो येतो त्यांच्यापैकी शेकडा साधारण सहाच जणांना हा विकार जडतो. बाकीचे काही दिवस, काही आठवडे हादरलेले असतात आणि मग हळूहळू सावरतात. तेव्हा अपघातानंतर आठ दिवस झोप लागली नाही म्हणजे माणूस वेडा झाला, असे कोणी समजू नये. मन हे शरीरासारखेच आहे. बहुतेक जखमा ते स्वतःच भरून काढते, मात्र जखमेला पुन्हा पुन्हा धक्का लागता कामा नये, आणि आत घाण राहता कामा नये.

जखम खरी की ढोंग?

हा प्रश्न विचारला जाऊ लागला तो रेल्वेमुळे. इंग्लंडात आगगाड्या सुरू झाल्या तसे त्यांचे अपघातही सुरू झाले, आणि डॉक्टरांपुढे एक नवाच रोगी येऊ लागला. हाडे शाबूत, रक्त नाही, पण माणूस झोपत नाही, कामाला बसत नाही, गाडीत पाय ठेवीत नाही. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हा असाच एक. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे त्याची गाडी पुलावरून घसरली. दहा माणसे ठार झाली. डिकन्सला मोठी इजा झाली नाही. तो तासन् तास जखमींना पाणी पाजीत फिरला. पुढे मात्र आगगाडीत बसले की त्याला अचानक भीतीचे झटके येत, आणि हे अखेरपर्यंत राहिले. त्या अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, ९ जून १८७० रोजी, तो वारला.

१८६६ साली लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक्सन यांनी असे मत मांडले की, अपघाताच्या धक्क्याने पाठीच्या कण्याला न दिसणारी इजा होते. प्रवासी रेल्वे कंपन्यांवर फिर्यादी करीत होते, आणि या मताचा त्यांना आधार झाला. १८८३ साली हर्बर्ट पेज या शस्त्रवैद्यांनी त्यावर उत्तर दिले की, कण्याला काही झालेले नसते. हा भीतीचा परिणाम आहे. पेज हे एका रेल्वे कंपनीचे डॉक्टर होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पण भीतीसुद्धा माणसाला आजारी पाडते हे त्यांनी मान्य केले, हेही तितकेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला आणि हरमान ओपेनहाइम यांनी १८८९ साली अशा कामगारांच्या आजाराला ‘आघातजन्य’ आजार म्हणून नाव दिले. मग दुसरा पक्ष उठला : हे आजारी नाहीत, यांना भत्त्याची चटक लागली आहे. १९२६ साली तेथील विमा न्यायासनाने अशा रोग्यांची भरपाई बंद केली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स यांनी तोफगोळ्यांच्या माऱ्यात हबकलेल्या सैनिकांच्या आजाराला नाव दिले, तेव्हाही हाच वाद झाला. अखेर १९८० साली, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या चळवळींमुळे, अमेरिकन मनोवैद्यक संघटनेने हा विकार आपल्या यादीत नोंदला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे. या दुखण्याला खरे म्हणायचे की खोटे, हे पुष्कळदा रोग्याकडे पाहून ठरले नाही. पैसे कोणी भरायचे यावरून ठरले. आजही ‘नाटक करतो’ हा शब्द ऐकला की, बोलणाऱ्याला काय टाळायचे आहे हे आधी पाहावे. कारण रोग्याला या एका शब्दाइतका अपाय दुसऱ्या कशाने होत नाही. ज्याला कोणी खरे मानीत नाही, तो बोलायचे सोडतो, आणि बोलायचे सोडले की दुखणे आत मुरते.

धसका टिकतो कशावर?

सगळे उपचार ज्या एका गोष्टीवर उभे आहेत ती आता सांगतो. धसका टिकतो तो टाळण्यावर.

आपल्या प्रेसवरच्या माणसाचे पाहू. फाटक जवळ आले की त्याची छाती धडधडते. तो परत फिरतो. परत फिरल्याबरोबर धडधड थांबते, बरे वाटते. या बरे वाटण्यानेच घात होतो. कारण मन त्यातून असा धडा घेते की, परत फिरलो म्हणून वाचलो. म्हणजे फाटकात मरण होतेच. दुसऱ्या दिवशी भीती आणखी दोन पावले पुढे येते : फाटकाऐवजी आता बसथांबा, मग घराचा उंबरठा. जगाचे क्षेत्र असे दिवसेंदिवस आकसत जाते. आठवणीचेही तसेच. आठवण येऊ लागली की तो ती दाबतो. दाबलेली आठवण रात्री वर येते. मग ती येऊ नये म्हणून दारू. दारूने झोप लागते असे वाटते, पण ती झोप तुटक व वरवरची असते. पहाटे जाग येते ती दुप्पट घाबरवून. दारू हे टाळण्याचेच एक साधन होय, आणि सर्वांत महाग पडणारे.

तेव्हा कोणत्याही उपायाला, मग तो डॉक्टरचा असो, बुवाचा असो की आपल्या मनाचा असो, एक कसोटी लावावी. या उपायाने माणूस ज्यापासून पळतो आहे त्याच्याकडे, झेपेल त्या वेगाने, तोंड करून उभा राहतो की आणखी दूर पळतो?

मात्र या कसोटीच्या आधी एक अट आहे. धोका खरोखर संपलेला असला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांतून हजारो माणसे झोपेतच दगडामातीच्या भिंतींखाली गेली. पुढे कित्येक महिने लोक दगडी घरात निजायला धजत नव्हते. पत्र्याच्या शेडमध्ये राहणे पत्करीत होते. त्यांना भित्रे म्हणणे चुकीचे झाले असते. त्या भिंती माणसे मारणाऱ्याच होत्या. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. आधी भक्कम छप्पर आणि मग त्याखाली निजण्याचे धैर्य, असा हा क्रम आहे. प्रेसला गार्ड न बसवता कामगाराला ‘मन घट्ट कर’ म्हणणे, किंवा मारणाऱ्या नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला श्वासाचे व्यायाम सांगणे, याला उपचार म्हणता येत नाही.

पहिल्या महिन्यात काय करावे, काय करू नये

प्रसंग घडल्यावर पहिल्या दिवसांत जे करायचे ते साधे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या पुस्तिकेत त्याची तीन पदे सांगितली आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. काय हवे-नको ते पाहा. सांगेल तेवढे ऐका. आणि आप्त, इस्पितळ, कचेरी, ज्याची गरज असेल त्याच्याशी जोडून द्या. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारी कडू घास घेऊन जातात, काही न बोलता शेजारी बसतात. ही चाल ज्यांनी पाडली त्यांनी कोणती पुस्तिका वाचली नव्हती, पण माणसाला एकटे ठेवू नये व त्याच्यावर प्रश्नांचा मारा करू नये, हे त्यांना ठाऊक होते.

प्रश्नांचा मारा करू नये, याला आता पुरावाही आहे. १९८३ पासून अशी एक पद्धत पुष्कळ देशांत रूढ झाली होती की, अपघातानंतर दोन-तीन दिवसांतच सर्वांना बसवून प्रत्येकाकडून सर्व काही वदवून घ्यायचे, म्हणजे मन मोकळे होऊन पुढचे दुखणे टळेल. ऐकायला हे पटण्यासारखे वाटते. पण ब्रिटनमध्ये भाजलेल्या रोग्यांवर याची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९९७ साली छापले गेले. तेरा महिन्यांनंतर ज्यांना असे बोलते केले होते त्यांच्यात शेकडा २६ जणांना विकार जडलेला होता. ज्यांना केले नव्हते त्यांच्यात शेकडा ९ जणांना. अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावरही एकाच बैठकीतल्या या बोलवून घेण्याने लाभ दिसला नाही. तेव्हा ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे. ज्याला गप्प राहायचे आहे त्याच्याजवळ गप्प बसावे. भेटायला जाणाऱ्यांनी ‘नक्की झाले तरी कसे?’ हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवावा.

दुसरे, झोपेच्या व शांततेच्या गोळ्या. केमिस्टाकडून किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून पहिल्या आठवड्यातच त्या आणल्या जातात. या जातीच्या गोळ्या पहिल्या महिन्यात धसक्यावर देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली सांगितले आहे. त्यांनी सुस्ती येते, सवय लागते, आणि मनाचे स्वतःचे काम मागे पडते.

महिन्यानंतर : कसोटीला उतरलेले उपचार

महिना उलटला, तरी वर सांगितलेल्या तिन्ही खुणा आहेत तशाच आहेत किंवा वाढत आहेत, तर आपोआप बरे होण्याची वाट पाहत बसू नये. येथे प्रशिक्षित माणसाची गरज लागते.

पहिली पद्धत आठवणीला सामोरे जाण्याची. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी ती बांधली. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येक सुमारे ९० मिनिटांची. सुरक्षित खोलीत, विश्वासाच्या माणसासमोर, रोगी तो प्रसंग आरंभापासून शेवटापर्यंत सांगतो; पुढच्या बैठकीत पुन्हा सांगतो. पहिल्यांदा अंग थरथरते. पण पळून न जाता थांबले की भीती एका उंचीपर्यंत चढते आणि मग आपोआप उतरते, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळते. हळूहळू त्या प्रसंगाला आदि-अंत येतो. तो भूतकाळात जाऊन बसतो. याच्याच जोडीने टाळलेल्या जागी पायरीपायरीने जाणे असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांना सक्तीने बोलायला लावणे आणि ही पद्धत यांत फरक असा की, येथे रोगी स्वतःच्या संमतीने, तयारीनिशी, पुन्हा पुन्हा आणि भीती उतरेपर्यंत हे करतो.

दुसरी पद्धत विचार तपासण्याची. ती पॅट्रिशिया रेझिक यांची, साधारण १२ बैठकांची. आघातानंतर मन निकाल देऊन टाकते : ‘मीच एक क्षण आधी बटण दाबायला हवे होते’, ‘आता कोणावर भरवसा नाही’. आपल्या प्रेसवरच्या माणसाला हाच विचार पोखरीत होता. असा प्रत्येक निकाल कागदावर मांडून, वकील उलटतपासणी करतो तसा तपासायचा : त्या क्षणी तुला काय दिसत होते? बटण किती अंतरावर होते? गार्ड काढून ठेवण्याचा हुकूम कोणाचा होता? 

तिसरी पद्धत ईएमडीआर या नावाने ओळखली जाते. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ पासून ती विकसित केली. तीत रोगी प्रसंग मनात धरतो आणि त्याच वेळी उपचार करणाऱ्याच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवतो. डोळ्यांच्या हालचालीचा त्यात वाटा किती, याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. परंतु उपचाराने गुण येतो हे चाचण्यांत दिसले असून जागतिक आरोग्य संघटनेनेही तो मान्य केला आहे. औषधांत नैराश्यावर दिली जाणारी काही औषधे, जशी सर्ट्रालिन, या विकारावर उपयोगी पडतात. ती मनोविकारतज्ज्ञाने द्यावीत, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती एकदम बंद करू नयेत.

घरी काय करता येते

आता ज्यासाठी श्रोते मुख्यतः आले असतील त्याकडे वळू. औषधाशिवाय, पैशाशिवाय माणसाला स्वतः काय करता येते?

पहिले, वर्तमानात परत येण्याची सवय. आठवणीचा लोंढा आला की डोळे उघडे ठेवावेत, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकावेत, आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत. हातात थंड पाण्याचा तांब्या धरावा. आज वार कोणता, आपण कोठे आहो, हे मोठ्याने म्हणावे. हे पळणे नव्हे. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतले पुसलेले अंतर पुन्हा आखणे आहे.

दुसरे, श्वास. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावावा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे, आणि भीती नसताना सराव करावा. बुडताना पोहणे शिकता येत नाही. योगासनांचाही उपयोग होतो. दीर्घकाळ बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रियांवर अमेरिकेत चाचणी झाली. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. दहा आठवड्यांच्या योगवर्गानंतर निम्म्याहून किंचित जास्त स्त्रिया विकाराच्या व्याख्येबाहेर आल्या. नुसत्या आरोग्यशिक्षणाच्या वर्गातून पाचांत एकच आली. एका चाचणीवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. शिवाय काहींना डोळे मिटून, शवासनात निजून, उलट घाबरायला होते. त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसून करावे. हट्ट धरू नये.

तिसरे, दिनक्रम. ठराविक वेळी उठणे, अर्धा तास चालणे, संध्याकाळनंतर चहा बंद, दारू पूर्ण बंद. झोप आली नाही तरी उठायची वेळ बदलू नये.

चौथे, लिहिणे. अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना रोज पंधरा मिनिटे, सलग चार दिवस, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला लावले. लिहिताना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ज्याला लिहिता येत नाही त्याने विश्वासाच्या एका माणसाला सांगावे. मात्र प्रसंग ताजा असताना, किंवा लिहिल्यावर दिवसभर सावरता येत नसेल तर, हा उपाय एकट्याने करू नये.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, पायऱ्या. ज्या गोष्टी टाळतो त्यांची यादी करावी, सोप्यापासून अवघडापर्यंत. प्रेसवरच्या माणसाची यादी अशी झाली : कारखान्याच्या रस्त्यापर्यंत मित्राबरोबर जाणे, फाटकाशी चहा पिणे, शॉपच्या दारात उभे राहणे, बंद प्रेसला हात लावणे, चालू प्रेसपासून दहा फुटांवर थांबणे, आणि शेवटी गार्ड बसवलेल्या प्रेसवर उभे राहणे. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचे, घाई करायची नाही, आणि एक पायरी सोपी झाल्याखेरीज पुढची चढायची नाही. त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची मदत होती, बायको प्रत्येक बैठकीला बरोबर जात होती. चार महिन्यांनी तो पाळीवर रुजू झाला. आजही कुकरची शिट्टी झाली की तो मान वळवून पाहतो. पण हातातले ताट हातातच राहते. बरे होणे याचा अर्थ विसरणे नव्हे, हे यावरून कळावे.

हे करणार कोण?

आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञ थोडे, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. मग लहान गावाने काय करावे? १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. पुढच्या वर्षी बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांच्या साह्याने तेथील साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना हे दुखणे ओळखण्याचे व हाताळण्याचे शिक्षण देण्यात आले. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने पुढचे पाऊल टाकले. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी नैराश्याच्या रोग्यांना दिलेल्या मदतीने गुण येतो, हे तिने २०१० व २०१७ साली छापलेल्या चाचण्यांत दाखवले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत असेच काम झाले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणारे दीड वर्षात शेकडा चारांवरून सत्तावीसांवर गेले. युगांडात दक्षिण सुदानच्या निर्वासित स्त्रियांना वीस-तीसच्या गटात बसवून, ध्वनिमुद्रित पाठांच्या पाच बैठका देण्यात आल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचा मनस्ताप तीन महिन्यांनंतरही कमी असल्याचे आढळले. यांतले काही काम नैराश्याचे आहे, धसक्याचे नव्हे. परंतु शिकवलेला साधा माणूस दुसऱ्याला आधार देऊ शकतो, एवढे यावरून सिद्ध होते.

कायदाही आता मदतीला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे, आणि विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारांप्रमाणेच मनाच्या आजारांनाही विमा द्यावा असे सांगितले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. ज्याच्या तोंडी जीव नकोसा झाल्याची भाषा येते, त्याला एक रात्रही एकटे ठेवू नये व तत्काळ डॉक्टरकडे न्यावे.

आमच्या मते प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक गणेशोत्सव मंडळात निदान दोन माणसे अशी तयार व्हावीत, ज्यांना हे प्राथमिक ज्ञान आहे. प्रथमोपचाराच्या पेटीची तपासणी होते तशी अपघातानंतर महिनाभराने, जखमीच्याच नव्हे तर पाहणाऱ्यांच्याही घरी कोणीतरी जाऊन विचारावे : झोप लागते का? कामावर जाववते का? घरात चीडचीड वाढली का? हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आणि मालकाशी बोलताना गार्डची मागणी पहिली ठेवावी, समुपदेशनाची दुसरी. जो धोका काढून टाकता येतो तो ठेवून त्याच्या भीतीवर उपचार करणे हा पैशाचाही अपव्यय आहे आणि माणसाचाही.

मनाची जखम झालेला माणूस लाजतो. आपण दुबळे ठरलो असे त्याला वाटते. त्याला एवढेच सांगावे की, भीती वाटणे हा त्याच्या शरीराचा प्रामाणिकपणा आहे. ती वेळ संपली हे शरीराला अजून कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्याचे काम सावकाश होते, सोबतीने होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत होते. आपल्या गल्लीत असा कोणी असेल, तर उद्या त्याच्याकडे जावे, आणि काही विचारण्याआधी थोडा वेळ नुसते बसावे.